पूर्वेचा व्हरांडा

"हाय ना. जाईन कुठी?"

कोणीही, कितीही जुना कागद मागायला आलं, की काकांचं पहिलं उत्तर हेच असायचं. मग कपाळावरचा चष्मा नाकावर उतरायचा, चपला दाराबाहेर निघायच्या आणि ते रेकॉर्ड रूमच्या अंधारात शिरायचे. दहा-पंधरा मिनिटांनी लाल कपड्यात बांधलेला बस्ता झोपलेल्या लेकरासारखा छातीशी धरून बाहेर यायचे. गाठ सोडताना कुणाशी बोलायचे नाहीत. पान सापडलं की त्यावर बोट ठेवायचे आणि मागणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. त्याचं समाधान झालेलं दिसेपर्यंत बोट हलायचं नाही.

आमची कचेरी रायपूरच्या जुन्या भागात होती. ब्राह्मणपाऱ्यातल्या माझ्या घरून पायी पंधरा मिनिटं. टायपिस्ट म्हणून मी तिथे लागले तेव्हा माझं नुकतंच कॉलेज संपलं होतं, आणि त्यांचे केस तेव्हाच अर्धे पांढरे होते. जुनी रजिस्टरं बांधणं, फाटलेली पानं खळीने चिकटवणं, बस्ते जागच्या जागी ठेवणं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना दफ्तरी बाबू म्हणत. मी एकटीच काका म्हणायचे, कारण त्या कचेरीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो.

त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या गँगमध्ये कामाला आले आणि इथलेच झाले. स्टेशनाकडच्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली बायकोचा फोटो. एकच मुलगी, ती लग्न होऊन शंकर नगरला. तिची मुलं आजोबांचं सगळं समजायची, पण उत्तर हिंदीत द्यायची. "नाना, हिंदी में बोलो ना," असं नातू म्हणाला की ते हसायचे आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायचे, "आता माही मराठी ऐकाले तूच उरली, पोरी."

तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल. त्याला बढती कधी मिळत नाही, पण तो रजेवर गेला की अर्धी कामं अडतात.

कचेरीच्या इमारतीवर त्यांचा फार जीव होता. नवीन माणूस रुजू झाला की ते त्याला पहिल्या दिवशी बाहेर नेऊन मुख्य दरवाजाच्या वरची भिंत दाखवायचे. तिथे खिळ्यांची जुनी भोकं होती. "ही भोकं इंग्रजाच्या पाटीची. ही खालची, तो गेला त्यानंतरच्या पाटीची. हे दोन मध्य प्रदेशाचे. आन हे चार आत्ताचे, छत्तीसगडचे. पाट्या बदलत गेल्या, भिंत तेच हाय." मग त्याला आत नेऊन भिंतीची जाडी स्वतःच्या हाताने मोजून दाखवायचे. चुन्यात गूळ, बेलफळ आणि उडदाचं पाणी घालून ती भिंत कशी चढवली, उंच झरोके नेमके कुठल्या वाऱ्यासाठी ठेवले, व्हरांड्यातल्या लोखंडी कड्यांना पूर्वी घोडे कसे बांधत, हे सगळं सांगायचे. ऐकणारा कंटाळला तरी त्यांना कळायचं नाही. एकदा एका नव्या साहेबांनी घड्याळ पाहिलं, तर काका म्हणाले, "हव, घड्याळही होती इथं एक, तिचं सांगतो."

शिपाई मंडळींत एक बोलवा होती, की पूर्वेच्या व्हरांड्यात बाया रडतात. संध्याकाळी तिकडे जायला कोणी तयार नसे. काका म्हणायचे, "सर्वात पहिले मी येतो, सर्वात मागून मी जातो. भूत असतं त पहिले मलेच भेटलं असतं. एवढी वळख त ठेवली असती."

त्यांचं दुसरं एक वाक्य मात्र विनोदाचं नव्हतं. एकदा एक माणूस जन्माची नोंद काढायला आला. रजिस्टरमधलं वर्ष आणि त्याला हवं असलेलं वर्ष यात एकाचा फरक होता. पोरीच्या लग्नाचं काहीतरी अडलं होतं. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाबूजी, थोड़ा ऐसे ही पढ़ दो ना. आप बोल दोगे तो साहब मान जाएँगे." काकांनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, अर्ज कुठे करायचा ते सांगितलं, तो अर्ज स्वतः लिहूनही दिला. पण वाचलं ते जे होतं तेच. तो गेल्यावर मला म्हणाले, "जे लिहिलं नाही ते मी वाचत नाही, पोरी. एक डाव वाचलं का मग माह्या वाचण्याले किंमत काय?"

एका दुपारी ते एक पिवळा पडलेला कागद दोन्ही हातांवर घेऊन माझ्या टेबलाशी आले. इमारत बांधतानाचा पत्रव्यवहार एका बस्त्यात सापडला होता. पत्र इंग्रजीत होतं आणि काकांचं इंग्रजी तारीख वाचण्यापुरतंच. "हे जरा वाचून दे," म्हणाले.

कामावरच्या ओव्हरसियरने वरच्या साहेबाला लिहिलेलं पत्र होतं. पूर्वेच्या व्हरांड्याच्या कमानी बांधून होत असतानाच कोसळल्या होत्या. मी वाचत गेले. चुना किती गाड्या वाया गेला, घडवलेले दगड किती फुटले, बांबू किती मोडले. बांबूंचा आकडा तर अगदी शेवटच्या बांबूपर्यंत दिला होता. आणि सगळ्यात खाली अर्धी ओळ : 'शिवाय चार मजूर बाया.'

इकडे बांधकामावर डोक्यावरून चुना-विटा वाहणाऱ्या बाईला रेजा म्हणतात. काका हळूच म्हणाले, "चार रेजा."

"हो."

"नावं?"

"नावं नाहीत, काका."

"पाह्य ना बरोबर. बांबू मोजले त्यानं. त नावंही असतीन."

मी मागची बाजू पाहिली. कागद खिडकीशी धरून पाहिला. नव्हती.

"मागच्या पानावर असतीन," ते म्हणाले. मागचं पान नव्हतंच.

त्या दिवसापासून ते नावं शोधायला लागले. आमच्याच कचेरीत शहरातल्या मृत्यूंची जुनी रजिस्टरं होती, मागच्या खोलीत, छतापर्यंत रचलेली. हात लावला की कडा गळून पडायच्या. ते जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा खाऊन तिथे जाऊन बसायचे. एक-एक पान ओल्या मुलायम कपड्याने सोडवायचे, वाचायचे, चिकटवायचे, पुढे जायचे. कोणाच्या सांगण्यावरून नाही. मी एकदा विचारलं, "काका, तुमचं काही नातं लागतं का त्यांच्याशी?"

"नाही."

"मग काहून एवढं?"

"काहून म्हंजे?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "त्या इथं मेल्या ना."

दोन वर्षं गेली असतील. माझं लग्न झालं, मला मुलगी झाली, मी रजेवरून परत आले, तरी ते तिथेच होते. मग एक दिवस त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. रजिस्टर उघडं होतं. एका हाताने, एका शाईने, एकाखाली एक चार ओळी. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात चौघींपुढे लिहिलं होतं : 'दब कर.'

सुकवारो. मनटोरा. दुकलहीन.

सुकवारो म्हणजे शुक्रवारी जन्मलेली. दुकलहीन दुष्काळात जन्मलेली. चौथ्या ओळीतलं नाव वाळवीने खाल्लं होतं. फक्त 'बि' उरला होता. आणि गावाच्या रकान्यात अभनपुरजवळच्या एका गावाचं नाव होतं.

"बि," काका म्हणाले. त्यांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं नाही, थोडं वर धरलं. ते अक्षर गळून पडेल अशी त्यांना भीती वाटत होती.

मी म्हटलं, "बिमला असेल. बिंदा असेल."

"असन म्हणून नाही चालत."

दर रविवारी ते बसने त्या गावाला जायला लागले. पहिले दोन-तीन रविवार लोकांना वाटलं, जमिनीचं काही काम घेऊन आलाय. कोणी बोलेना. मग एका घरी एक म्हातारी भेटली. पाठीतून वाकलेली, दात गेलेले, पण डोकं लख्ख. तिच्या आजीची धाकटी बहीण शहरात कचेरीच्या भिंतीखाली गेली होती. आजी मरेपर्यंत ते सांगायची.

सोमवारी सकाळी पिशवीसुद्धा न टांगता काका सरळ माझ्या टेबलाशी आले. "बिसाहिन," ते म्हणाले.

मग खुर्ची ओढून बसले आणि मला सांगितलं. बिसाहिनच्या आधीची दोन लेकरं जगली नव्हती. म्हणून ही जन्मल्याबरोबर आईने तिला सुईणीच्या ओटीत घातलं आणि मूठभर कोदोचं धान्य देऊन तिच्याकडून परत विकत घेतलं. इकडची रीत आहे. विकत घेतलेलं लेकरू मरणाच्या नजरेत येत नाही म्हणतात. बिसाहिन म्हणजे विकत घेतलेली.

"जगावं म्हणून घेतलं होतं, पोरी," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. तो स्वच्छ होता.

पुढे ते निवृत्त झाले. हार झाले, भाषणं झाली, आणि पुढच्या मंगळवारी ते पुन्हा हजर. त्यांच्याशिवाय कोणाला काही सापडतच नव्हतं. दर मंगळवारी येऊन ते आठवड्याभराचे अडलेले कागद काढून देत. असं किती वर्षं चाललं याचा मी हिशोब ठेवला नाही. मधूनमधून त्या गावालाही जात. म्हातारीसाठी दुखण्याचं तेल न्यायचे. ती त्यांना शेंगा, करमत्त्याची पालेभाजी द्यायची. त्या भाजीतली अर्धी माझ्याकडे यायची.

मग कचेरी हलायचं ठरलं. शंकर नगरकडे नवी इमारत तयार झाली होती, काचेची, लिफ्टवाली. जुनी इमारत दुरुस्त करून लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवायची, असा निर्णय झाला. काकांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. त्यांना भीती होती ती पाडण्याची. दरवाजाजवळ इमारतीच्या इतिहासाची दगडी पाटी लावायची होती. आमचे साहेब मला म्हणाले, "आपके दफ्तरी बाबू से ही लिखवा लीजिए. उनसे ज़्यादा किसको मालूम है?"

काकांनी अकरा पानं लिहिली, मोत्यासारख्या अक्षरात. खिळ्यांची भोकं, झरोके, बेलफळं, घोड्यांच्या कड्या, सगळं होतं त्यात. माझ्याकडे देताना म्हणाले, "याच्यातलं काहीही काप. मले माहीत हाय पाटी लहान असते. फक्त ते चार नावं राहू दे."

"राहतील, काका."

मी अकरा पानांची दीड पानं केली आणि नावांसकट साहेबांकडे दिली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी वाचलं, पेन काढलं, आणि ती ओळ खोडली. "मैडम, शुभ काम है. मंत्री जी आएँगे, बच्चे आएँगे. दरवाज़े पर ही मरने की बात?" मग म्हणाले, "आठ लाइन बना दीजिए."

मी बोलायला हवं होतं. पण तुम्हाला खरं सांगते, त्या दिवसांत माझी आई अंथरुणाला खिळली होती, आणि माझी बदली जगदलपूरला निघाली होती. ती रद्द करण्याचा माझा अर्ज त्याच टेबलावर, त्याच साहेबांच्या सहीसाठी पडून होता. मी "जी सर" म्हटलं. परत माझ्या जागेवर आले आणि आठ ओळी टाइप केल्या. स्वच्छ, एकही चूक नाही.

काकांचा फोन आला. "नावं देल्ले ना, पोरी?"

"हो काका, दिली आहेत पुढे," मी म्हणाले. शब्द खोटा नव्हता. मी दिलीच होती पुढे. त्यानंतर काय झालं ते सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मंगळवारी ते आले की मी काहीतरी कामात डोकं घालून बसायचे.

जुन्या इमारतीच्या उद्घाटनाला मांडव होता, झेंडूच्या माळा होत्या, लाऊडस्पीकर होता. भाषणं संपली, पाहुणे चहाकडे वळले, आणि तेव्हा मी पाहिलं. फाटकातून काका येत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आणि त्यांच्या दंडाला धरून ती अभनपुरकडची म्हातारी. नवं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पाय अनवाणी. सकाळच्या बसने तिला आणलं होतं. गर्दीमुळे त्यांना आत यायला उशीर झाला होता.

मी धावत जाऊन त्यांना अडवायला हवं होतं, कोपऱ्यात नेऊन सांगायला हवं होतं. मी खांबाशी उभी राहिले.

ते पाटीपुढे गेले. काकांनी चष्मा खाली घेतला. वाचायला लागले. मी त्यांची पाठ बघत होते. आठ ओळी वाचायला किती वेळ लागतो? त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, आणि परत वरून सुरुवात केली.

"कोन मेर लिखाय हे, बाबू?" म्हातारीने विचारलं. कुठे लिहिलंय?

काका अजून पाटीच वाचत होते.

"बाबू?"

मग त्यांनी तिचा हात हातात घेतला. तिचं बोट पाटीवर मधोमध एका ओळीवर टेकवलं. आणि तिच्या कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करत, जसे रजिस्टरमधून वाचायचे तसे वाचले :

"सुकवारो. मनटोरा. दुकलहीन. बिसाहिन."

तिचं बोट दगडावर एकेका नावाबरोबर पुढे सरकत होतं. शेवटच्या नावाला ती थांबली. पदराचं टोक घेऊन तिने ती ओळ पुसली, धूळ नव्हती तरी. मग दोन्ही हात जोडून कपाळ पाटीला टेकवलं.

काका वळले तेव्हा मी त्यांच्या समोरच होते. माझ्या डोळ्यांतलं त्यांना दिसलं असणार. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"पाणी आन जरा तिच्यासाठी," ते म्हणाले. "उन्हातून आली ते."

मी पाणी आणलं. म्हातारी ते उभ्यानेच प्यायली आणि तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. काका तिला घेऊन बस स्टँडकडे गेले.

पुढचे तीन मंगळवार ते आले नाहीत. चौथ्या मंगळवारी आले, नव्या इमारतीत. लिफ्टने नाही, जिन्याने. माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, "ते चार नावं एका कोऱ्या कागदावर टाइप करून देतं का? सही नको, शिक्का नको. ओव्हरसियरच्या त्या पत्रासंग लावून ठेवू. उद्या कोणी वाचलं त नावं पाहाले भेटतीन."

मी लगेच टाइप करून दिलं. आम्ही दोघं खालच्या रेकॉर्ड हॉलमध्ये गेलो. लोखंडी कपाटं, सरकती, चकचकीत. ट्रकमधून आणताना बस्ते कोणी कसेही रचले होते. लाल कपडे काढून टाकून सगळं प्लास्टिकच्या खोक्यांत भरलं होतं, आणि खोक्यांवर नवे क्रमांक होते. जुने क्रमांक काकांच्या डोक्यात होते, पण ते आता कशालाच लागू पडत नव्हते. त्यांनी तीन तास शोधलं. मग ते एका खोक्यावर बसले. कपाटं लावणाऱ्या पोराने आपुलकीने विचारलं, "कहाँ होगा बाबूजी, कुछ अंदाज़ा?"

"मालूम नहीं, बेटा," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे उत्तर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तो कागद त्यांनी घडी घालून मला परत दिला. अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

त्या हिवाळ्यात ते आजारी पडले. मुलीने त्यांना शंकर नगरला नेलं. मी कचेरी सुटली की जाऊन यायचे. मुलगी चहा करून द्यायची, "पापा, देखो कौन आया," म्हणायची. ते खिडकीशी पडून असत. आवाज बारीक झाला होता.

एकदा मुलगी आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "पोरी, त्या दिवशी मी तिचं बोट ठेवलं ते ओळ कोनती होती? मले अक्षरं दिसत नव्हते."

मला पाठ होती. मीच टाइप केली होती. "झरोक्यांची, काका. 'उंच झरोक्यांमुळे उन्हाळ्यातही ही इमारत थंड राहते.'"

"झरोके चांगले होते," ते म्हणाले.

मग मी म्हटलं, "काका, मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. मी फोनवरच सांगायला हवं होतं."

"हव," ते म्हणाले.

एवढंच. 'जाऊ दे' म्हणाले नाहीत, 'तुझा काय दोष' म्हणाले नाहीत. जे नव्हतं ते त्यांनी वाचलं नाही. पण माझा हात त्यांच्या हातात होता, तो मी उठेपर्यंत त्यांनी सोडला नाही.

आठ दिवसांनी ते गेले. कचेरीतून आम्ही पाच-सहा जण गेलो. नव्या मुलांपैकी बहुतेकांनी त्यांना पाहिलेलंही नव्हतं.

त्या गावाला कोणी कळवलं असेल असं मला वाटेना. पुढच्या रविवारी मी अभनपुरची बस धरली, तिथून रिक्षा. विचारत विचारत घर सापडलं. म्हातारी ओसरीवर उन्हात पाय पसरून बसली होती. तिने मला ओळखलं. माझ्या मागे बघितलं, रस्त्याकडे.

"बाबू नइ आइस?"

मी तिच्यापाशी खाली बसले आणि सांगितलं. हिंदीत सांगितलं, मला तिची बोली नीट येत नाही. तिने ऐकून घेतलं. रडली नाही. पायावरचं ऊन सरकलं होतं तसे तिने पाय थोडे सरकवले.

माझ्याने राहवेना. मी म्हणाले, "दादी, उस दिन पत्थर पर..."

"जानथौं," ती म्हणाली. माहीत आहे. "बाबू के अंगरी कांपत रहिस. ओतके म जान डरेंव." त्याचं बोट कापत होतं, तेवढ्यात कळलं मला.

"तो आपने कुछ कहा क्यों नहीं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी फारच साधं विचारलं होतं बहुतेक.

"ओखर मन टूट जातिस, बेटी." त्याचं मन मोडलं असतं.

घरातून तिच्या नातसुनेने काळा चहा आणून दिला. आम्ही दोघी तो प्यायलो. अंगणात दोन कोंबड्या धान उकरत होत्या. मी निघायला उठले, तेव्हा तिने माझी साडी धरून मला परत खाली बसवलं.

"ओखर नांव का रहिस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एवढी वर्षं ती त्यांना नुसतं बाबू म्हणत होती. तिने कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं. त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव. आमच्याकडचं आडनाव तिच्या जिभेला नवं होतं. तिने ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, अडखळली, माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा हळू सांगितलं. दुसऱ्यांदा तिने ते पूर्ण म्हटलं, मोठ्याने, ओसरीभर ऐकू जाईल असं, आणि मान हलवून आत नातसुनेला हाक मारली, की ये, हे नाव तूही लक्षात ठेव.